वस्तीत राहायला गेलेले विद्यार्थी नेमका कोणता बदल घडवतात? (सोलापूर)

प्रश्न : रासेयो_अधिकारी

नमस्कार. मी सोलापुरातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेची (रासेयो) कार्यक्रम अधिकारी म्हणूनही काम पाहते. या मंचावर चळवळीत, आरोग्यसेवेत आणि शिक्षणक्षेत्रात दीर्घकाळ काम केलेले सभासद आहेत, म्हणून प्रश्न जरा सविस्तर मांडते.

राष्ट्रीय सेवा योजना 1969 मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांत सुरू झाली. आजच्या नियमाप्रमाणे स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास काम करायचे असते आणि सात दिवसांच्या एका निवासी शिबिरात भाग घ्यायचा असतो. आमचे शिबिर दरवर्षी दत्तक गावात भरते. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी पाहुण्यांचे बौद्धिक, रात्री पथनाट्य आणि शेवटच्या दिवशी सरपंचांच्या उपस्थितीत समारोप, असा त्याचा साचा ठरून गेला आहे. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत असतो, स्वयंपाकाला आचारी असतो, आणि आठवडाभर गावात राहूनही बहुतेक मुलांनी गावातल्या एकाही घराचा उंबरठा ओलांडलेला नसतो. शिबिराला मी नावे ठेवत नाही. घराबाहेर पहिल्यांदाच राहणाऱ्या मुलीला त्या दिवसांत जे मिळते ते वर्गात मिळत नाही. परंतु अहवालात आपण ज्याला सामाजिक परिवर्तन म्हणतो ते त्यातून घडते, असे मला म्हणवत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या आराखड्यात समुदाय सहभागाचा कार्यक्रम क्रेडिटसह आला आहे. त्या निमित्ताने मी असा प्रस्ताव तयार केला आहे की, शहराच्या पूर्व भागात किंवा शहराजवळच्या कुंभारी गावाच्या बाजूला असलेल्या कामगार वसाहतींत, विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांच्या कुटुंबांबरोबर, पंधरा-सोळा विद्यार्थ्यांनी जोडीजोडीने मे महिन्यात महिनाभर राहावे. कोणताही प्रकल्प आधी ठरवू नये. लोक काय म्हणतात ते ऐकावे, त्यांच्याबरोबर काम करावे, आणि काही करण्यासारखे निघाले तरच त्याला हात घालावा.

प्रस्ताव कागदावर चांगला दिसतो. पण माझ्याच मनात शंका आहेत. दोन खोल्यांच्या घरात, जिथे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, तिथे दोन माणसे महिनाभर वाढवणे कितपत न्याय्य आहे? निम्म्याहून अधिक घरांत तेलुगू बोलली जाते, काही ठिकाणी कन्नड आणि दखनी. आमच्या बहुतेक मुलांना यातली एकही भाषा येत नाही. मुलींचे पालक परवानगी देतील का, ही अडचण तर आहेच. प्राचार्यांना शेवटी 'आउटपुट' हवे आहे, आणि ते त्यांनी मागणे चूक आहे असेही नाही. परंतु या सगळ्यांपेक्षा मला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. अशा मुक्कामातून बदल वस्तीत होतो की केवळ विद्यार्थ्यात? आणि तो केवळ विद्यार्थ्यात होत असेल, तर आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी गरिबाचे घर वापरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

यंत्रमाग

मॅडम, स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

आपण ज्या कुंभारीचे नाव घेतले आहे, तिथे 2006 साली विडी कामगार महिलांना 10 हजार घरे मिळाली. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी रे नगर हा 30 हजार घरांचा प्रकल्प हाती घेतला गेला, त्यातील 15 हजार घरांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये कामगारांच्या हाती पडल्या. दोन्ही वेळा त्या त्या वेळचे पंतप्रधान सोलापुरात आले आणि छायाचित्रे छापून आली. त्या छायाचित्रांच्या मागे कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली लाल बावट्याने, म्हणजे डाव्या कामगार संघटनेने, काढलेले मोर्चे होते, मुंबई-दिल्लीच्या अगणित खेपा होत्या, आणि पोटाला चिमटा घेऊन आपल्या वाट्याची रक्कम भरणारी बाई होती. केंद्र, राज्य आणि स्वतः कामगार अशा तिघांच्या पैशांतून ती घरे उभी राहिली. त्यात विद्यार्थ्यांच्या मुक्कामाचा वाटा किती होता, ते आपणच शोधावे.

बदल संघटनेतून होतो. मे महिन्यात राहून जूनमध्ये पुण्याला निघून जाणाऱ्या मुलांकडून काय अपेक्षा ठेवायची, हे वस्तीतल्या माणसाला चांगले कळते. तो चहा पाजतो, बोलतो आणि आपल्या कामाला लागतो. मुलांना शिकवायचेच असेल, तर युनियनच्या कार्यालयात बसवून अर्ज लिहायला लावा. तिथे रोज रांग असते आणि लिहिणारे हात कमी पडतात.

कुंभारीकर

मी त्याच विडी घरकुलात वाढले. आई अजून विड्या वळते. मी शहरात नोकरी करते आणि संध्याकाळी घरी येते, त्यामुळे मॅडमचा प्रश्न मी दुसऱ्या बाजूने वाचला.

आमच्याकडे विद्यार्थी येणे ही काही नवी गोष्ट नाही. मी शाळेत असल्यापासून सर्वेक्षणाचे फॉर्म घेऊन येणारी मुले-मुली पाहत आले आहे. आई भिंतीला टेकून, मांडीवर सूप घेऊन बसलेली असायची. रात्री भिजवून ठेवलेली पाने पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडून बंद करायचे. हे करता करताच ती उत्तरे देत असे आणि फॉर्म भरणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे ती मान वर करूनही पाहत नसे. यात उद्धटपणा नव्हता. विडीची मजुरी हजारावर मिळते. गप्पांत तासभर गेला, तर तेवढ्या विड्या कमी भरतात, आणि संध्याकाळी कारखान्यात माल मोजून घेताना, आज एक मुलगी माहिती विचारायला आली होती, हे कारण चालत नाही. प्रश्नही तेच ते असत : घरात माणसे किती, पाणी किती दिवसांनी येते, दारू कोण पितो. उत्तरांचे पुढे काय झाले ते सांगायला कोणीही परत आले नाही.

एकदा एका महाविद्यालयाच्या गटाने आमच्या चौकात तंबाखूच्या दुष्परिणामांवर पथनाट्य केले. ज्यांची चूल तंबाखूवर पेटते त्यांच्यासमोर ते झाले. बायकांनी शांतपणे पाहिले आणि टाळ्याही वाजवल्या, कारण मुलांनी उन्हात मेहनत घेतली होती.

त्याच गटातील एक ताई मात्र नंतर पुन्हा आली. शेजारच्या काकूंकडे पैसे देऊन राहिली आणि त्यानंतर बराच काळ दर आठवड्याला येत राहिली. पहिले काही दिवस तिने विशेष काहीच केले नाही, आणि मला वाटते तेच बरे झाले. एका दुपारी काकूंनी ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद काढून तिच्यापुढे ठेवले. भविष्य निर्वाह निधीच्या कागदावर नाव 'लक्ष्मीबाई', आधारवर 'लक्ष्मी', बँकेच्या पासबुकात माहेरचे आडनाव, आणि तेलुगू आडनाव तर कारकुनाने जसे ऐकले तसे प्रत्येक ठिकाणी वेगळ्या तऱ्हेने लिहिलेले. जन्मतारीखही दोन ठिकाणी दोन. एवढ्यासाठी अर्ज परत आला होता. कामगार पेन्शन योजनेत दरमहा 1,000 रुपये ही किमान रक्कम 2014 मध्ये ठरली, आणि तीदेखील एका अक्षरासाठी अडून बसते. त्यातून दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, तर आयुष्यभर पाने हाताळून बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे यंत्रावर ठसा उमटत नाही. ही अडचण काकूंच्या एकटीची नव्हती. बातमी गल्लीत पसरली आणि दुसऱ्या दिवशी पिशव्या घेऊन बायकांची रांग लागली.

मी तेव्हा बारावीत होते. ताईला तेलुगू येत नव्हते, म्हणून तिच्याबरोबर मी जाऊ लागले, आणि माझ्यामुळे गल्लीतल्या आणखी दोन मुली. नावदुरुस्तीच्या संयुक्त अर्जावर कामगाराबरोबर मालकाचीही सही लागते, प्रतिज्ञापत्र कुठे करायचे, कोणता कागद कोणत्या टेबलावर द्यायचा आणि पोच घेतल्याशिवाय तिथून का हलायचे नाही, हे सगळे आम्ही फिरून शिकलो. ताईचे शिक्षण संपले आणि ती गेली. काम मात्र थांबले नाही, कारण तोपर्यंत ते आम्हाला येत होते. आजही माझ्याकडे रविवारी दोन-चार पिशव्या येतात.

मॅडम, आपल्या प्रस्तावात 'विद्यार्थी' एका बाजूला आणि 'वस्ती' दुसऱ्या बाजूला आहे. वस्तीतही अठरा-वीस वर्षांची मुले-मुली राहतात. आपल्याच महाविद्यालयात आमच्या भागातील मुली शिकत असतील. त्या तास संपला की लगेच बस पकडतात, घरी येऊन विड्या वळायला बसतात, आणि म्हणूनच त्या आपल्या रासेयोच्या यादीत नसतात. त्या ताईच्या अहवालात आम्हा तिघींचा उल्लेख मदत मिळालेल्यांमध्ये होता, काम करणाऱ्यांमध्ये नव्हता. क्रेडिट द्यायचे असेल, तर आधी या मुलींना द्या. महिनाभर बाहेरून येऊन राहणाऱ्यापेक्षा त्यांना वस्ती अधिक कळते, आणि त्या जूनमध्ये कुठेही निघून जाणार नाहीत.

राहिला मे महिना. पारा 42-43 वर असतो, लग्नसराई असते, पाण्याची बोंब असते. पाहुणा म्हणूनसुद्धा आम्ही त्या दिवसांत कोणाकडे जात नाही.

जुना_कार्यकर्ता

यंत्रमाग यांनी संघटना आणि मुक्काम ही दोन टोके असल्यासारखे लिहिले आहे, ते मला पटले नाही. ज्या 10 हजार घरांचा त्यांनी दाखला दिला, ती वसाहत कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने ओळखली जाते. त्या गोदूताई कोण होत्या? पुण्यात वाढलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या, वकिली करून सुखाने राहू शकल्या असत्या अशा बाई. 1945 मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या पाड्यांवर गेल्या, त्यांच्या झोपड्यांत राहिल्या, त्यांच्या ताटातले खाल्ले, रानातून मैलोगणती चालल्या. त्यातून वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला आणि किसान सभा ही डावी शेतकरी संघटना त्या भागात रुजली. आज तलासरी-डहाणू भागात लाल बावट्याचे जे बळ दिसते त्याचे मूळ त्या मुक्कामात आहे. तेव्हा संघटनाही कोणाच्या तरी राहण्यातूनच जन्माला येते.

पण कुंभारीकर यांचा मुद्दा इथेही खरा ठरतो. गोदूताई आपण होऊन पाड्यावर अवतरल्या नव्हत्या. त्या वर्षाच्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिला काही वारली स्वतः आले होते, आपले गाऱ्हाणे सांगून गेले होते, आणि त्यानंतर हा सगळा प्रवास सुरू झाला.

आमच्या पिढीचे उदाहरण शहाद्याचे. 1972 च्या सुमारास पुण्या-मुंबईचे काही तरुण तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याला जाऊन राहिले आणि श्रमिक संघटना उभी राहिली. वर्तमानपत्रांनी त्या शहरी तरुणांचे कौतुक केले. परंतु त्यांच्या आधीपासून अंबरसिंग महाराज हे भिल्ल समाजातील कार्यकर्ते तिथे काम करत होते आणि भिल्लांच्या गेलेल्या जमिनींचा प्रश्न त्यांनी हाती घेतलेला होता. बाहेरून आलेल्यांनी त्या कामाला हात दिला, कायदा समजावला, बाहेरच्या जगाशी दुवा जोडला. पुढे दारूच्या गुत्त्यांवर चालून जाणाऱ्या, मडकी फोडणाऱ्या बायका पुढे आल्या, त्यांचा कार्यक्रम कोणत्याही अभ्यासमंडळात ठरलेला नव्हता.

बिहारमध्ये बोधगयेलाही असेच झाले. जयप्रकाश नारायणांनी 1975 मध्ये छात्र युवा संघर्ष वाहिनी स्थापन केली आणि सदस्यत्वाला तीस वर्षांची वयोमर्यादा घातली. (ही अट आज सगळ्या 'युवा' आघाड्यांना लावली, तर किती पदाधिकारी उरतील ते पाहण्यासारखे आहे.) वाहिनीचे तरुण बोधगयेच्या मठाच्या जमिनीवर राबणाऱ्या भूमिहीनांमध्ये जाऊन राहिले आणि 1978 पासून लढा सुरू झाला. जमीन कसणाऱ्याला मिळावी एवढीच मूळ मागणी होती. ती बायकांच्या नावावर व्हावी, ही मागणी राबणाऱ्या बायकांनी पुढे आणली, त्यावर वाहिनीतच वाद झाला, आणि अखेर काही गावांत पट्टे बायकांच्या नावाने झाले. मॅडम, बदल कोणात होतो, असे आपण विचारले आहे. तिथे तो दोन्हीकडे झाला, आणि आधी कोणाकडे झाला हे सांगता येणार नाही.

एक सावधगिरी सांगतो. बाहेरून सुधारणा करायला आलेल्यांचा सोलापूरला एक वेगळा, कडू अनुभव आहे. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथे सेटलमेंट होती. तारेच्या कुंपणात माणसे ठेवली जात, त्यांची हजेरी घेतली जाई, आणि हे सगळे त्यांच्या सुधारणेसाठी आहे असे सांगितले जाई. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. त्या वस्त्यांतील नातवंडे आज आपल्या वर्गात बसतात. वही घेऊन दाराशी उभा राहून नाव, जात आणि धंदा विचारणारा माणूस काही घरांत अजूनही संशयाने पाहिला जातो, आणि त्यात नवल काही नाही.

तुळजापूर_रस्ता

मी आरोग्याच्या कामात आहे, त्यामुळे माझी उदाहरणे त्याच क्षेत्रातली असतील.

जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले तेव्हा ते दोघे तिशीतले होते. लोकांना विचारले, तर लोकांनी दवाखाना मागितलाच नाही. पाणी आणि अन्न मागितले. गावात बैठक बोलावली तर जातीप्रमाणे वेगवेगळे बसणारे लोक येणार आणि बोलणार फक्त पुढारी, हे लक्षात घेऊन त्यांनी व्हॉलीबॉलचे जाळे लावले. संध्याकाळी वेगवेगळ्या जातींची तरुण मुले खेळू लागली, खेळ संपल्यावर तिथेच बसून बोलू लागली, आणि त्यातून तरुण शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली. विहिरी, बंधारे, झाडे ही कामे त्या मंडळांनी केली. गावोगाव ज्या आरोग्य कार्यकर्त्या तयार झाल्या त्या गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, अनेक दलित कुटुंबांतील स्त्रिया होत्या. डॉक्टरांनी आपले ज्ञान त्यांच्याकडे सोपवले, म्हणून ते काम टिकले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' ही आरोग्यसंस्था सुरू केल्यावरही हाच क्रम दिसतो : आदिवासींनी सांगितले की दवाखाना आमच्या गावासारखा दिसावा, त्याला दंतेश्वरी देवीचे नाव असावे, आणि तसाच तो बांधला गेला. त्यांनीच 2006 पासून 'निर्माण' हा तरुणांसाठीचा उपक्रम चालवला आहे. आपल्याला सर्वांत जवळचे म्हणजे तुळजापूर तालुक्यातील अणदूर. तिथल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनचे मूळ वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या गटात आहे, आणि गावातल्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार करण्याचे काम तिथे आशा कार्यकर्ती ही योजना येण्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. आपल्या विद्यार्थ्यांना सोलापूरहून तासाभरात तिथे नेता येईल.

भाषेचे आपण विचारले आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. बाकीचे परत आले, कोटणीस राहिले, चिनी बोलायला आणि लिहायला शिकले, आणि डिसेंबर 1942 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी, तिथेच वारले. आपल्या विद्यार्थ्यांकडून एवढे मागणे नाही. परंतु ज्या शहराने त्यांचे घर स्मारक म्हणून जपले आहे, त्या शहरातील विद्यार्थ्याला पूर्व भागात जाण्याआधी कामापुरते तेलुगू शिकायला काय हरकत आहे? शिकवणाऱ्या मुली कुंभारीकर म्हणतात तशा आपल्याच वर्गात बसलेल्या आहेत.

आता व्यवहाराचे. महिनाभराच्या मुक्कामाचा हट्ट सोडावा असे मला वाटते. आपल्या हातात वर्षाला 120 तास आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ, तीन तास, अशा चाळीस आठवड्यांत ते पूर्ण होतात, आणि हेच दोन वर्षे चालले तर 240 तासांचा नियमही पाळला जातो. नव्या शिबिराची परवानगी, नवे अनुदान, काही लागत नाही. त्याच्या जोडीला दोन-तीन दिवसांचे छोटे मुक्काम, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात, ज्या घराला सोयीचे असेल तिथेच, ठेवता येतील. पालकांचा प्रश्नही त्यामुळे सौम्य होतो. मुलगी दर गुरुवारी कुठे जाते ते त्यांना एकदा दाखवून आणले की बहुतेक पालक तयार होतात.

ज्या घरात मूल जेवते-झोपते त्या घराला पैसे द्यावेत, आणि ते दान म्हणून न देता खानावळीच्या दराने, पावती करून द्यावेत. 'आदरातिथ्य' या गोड नावाखाली गरिबाकडून फुकट सेवा घेण्याची आपल्याकडे फार सवय आहे. पाण्याचे जार विद्यार्थ्यांनी बरोबर न्यावेत. छायाचित्रांवर पहिल्या सहा महिन्यांत बंदी असावी.

मूल्यमापन हा विषय मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात फार खोल काही नाही. विद्यार्थ्याने काय केले यापेक्षा त्याने जे केले ते आता वस्तीतील कोणाला त्याच्याशिवाय करता येते, हे विचारावे, आणि गुणांचा काही भाग वस्तीतल्या मंडळींनी द्यावा. प्राचार्यांना आकडा हवाच असेल, तर दुरुस्त झालेल्या अर्जांची पोच क्रमांकासह यादी यासारखा प्रामाणिक आकडा दुसरा नाही.

रासेयो_अधिकारी

सर्वांचे आभार. उत्तरे वाचून आमच्या विद्यार्थ्यांच्या पत्त्यांची यादी काढून पाहिली. आमच्या महाविद्यालयात कुंभारी, नीलम नगर आणि अक्कलकोट रस्त्याच्या बाजूने येणाऱ्या विद्यार्थिनींची संख्या चांगलीच आहे, आणि रासेयोत त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीही नाही, हे कुंभारीकर यांचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. त्यांच्यापैकी काहींशी बोलले. आमची वेळ दुपारी साडेबारा ते तीन अशी आहे, आणि नेमक्या त्याच वेळेत त्यांना घरी कामाला बसावे लागते. वेळ बदलणे माझ्या हातात आहे.

नवा आराखडा असा : मे महिन्याचा मुक्काम रद्द, जुलैपासून दर आठवड्याला एक संध्याकाळ, प्रत्येक जोडीत एक वसाहतीतील विद्यार्थिनी आणि एक बाहेरची, पहिले दोन महिने भाषा आणि ओळख, हातात कोणताही फॉर्म नाही. दिवाळीनंतर ज्या घरांची इच्छा असेल तिथे छोटे मुक्काम. क्रेडिट दोघींना सारखे. यंत्रमाग यांची सूचनाही घेतली आहे, गटातील चार विद्यार्थी युनियनच्या कार्यालयात बसतील, मात्र ते एकाच संघटनेशी बांधलेले राहणार नाहीत, एवढी मोकळीक मला महाविद्यालयाच्या दृष्टीने ठेवावी लागेल.

एक गोष्ट अजून उलगडलेली नाही. नावदुरुस्तीच्या कामात विद्यार्थ्याच्या हातून कागद हरवला किंवा चुकीची नोंद गेली, तर त्याचा भार त्या बाईवर पडेल. कुंभारीकर, याची काळजी आपण कशी घेत होता?

यंत्रमाग

गोदूताईंचा दाखला मान्य. मुले पाठवा. पण मालकाची सही आणायला त्यांना एकटे पाठवू नका. कारखान्याच्या दारात कॉलेजच्या मुलाला कोणी विचारत नाही. युनियनचा माणूस बरोबर असला, तर तीच सही त्याच दिवशी होते. ज्या कारखान्याला टाळे लागले आहे त्याच्या कामगारांचे अर्ज वेगळे ठेवा, त्यांचा मार्ग निराळा आहे आणि त्याला वेळ लागतो.

कुंभारीकर

मॅडम, आमचे चार नियम होते. मूळ कागद बाईच्या ट्रंकेतून बाहेर निघाला, तर त्याच्याबरोबर बाईही निघाली पाहिजे. तिच्याशिवाय मूळ प्रत कोणाच्याही हातात द्यायची नाही. झेरॉक्स चौकातल्या दुकानातच, तिच्यासमोर काढायची. आणि अर्ज भरून झाला की तो तिला तिच्या भाषेत, तेलुगूत किंवा कन्नडमध्ये, पूर्ण वाचून दाखवायचा, मगच अंगठा किंवा सही घ्यायची. ओटीपी आला तर फोन तिच्याच हातात राहील आणि आकडा तीच वाचेल. यात वेळ जातो, एका संध्याकाळी दोनच अर्ज होतात, पण कोणाचा अर्ज आमच्या हातून बिघडला नाही.

संध्याकाळी साडेसहानंतर या. त्याआधी बायका कारखान्यात माल द्यायला गेलेल्या असतात. ज्या दिवशी पाणी येते त्या दिवशी मात्र कोणाकडेही जाऊ नका. वार बदलत राहतो, म्हणून निघण्यापूर्वी जोडीतल्या आमच्याकडच्या मुलीला फोन करा.